विद्युत् गिटारवरील नादसंस्कार : कर्तृत्वाचा एक प्रश्न

१

डेव्हिड बोवी यांच्या ‘हीरोज’ या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेवर ब्रायन ईनो यांच्या नावापुढे जी कामे नोंदलेली आहेत, त्यांत ‘गिटारवरील संस्कार’ अशा अर्थाची एक नोंद आढळते. गिटार वाजविली ती रॉबर्ट फ्रिप यांनी; तीवर संस्कार केले ते ईनो यांनी. संगीतसमीक्षेच्या दृष्टीने ही नोंद मोठी अडचणीची आहे. रचनाकार आणि वादक या दोन प्रकारच्या कर्तृत्वांशी समीक्षेचा परिचय जुना आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे काम केवळ तांत्रिक म्हणून ती सहसा बाजूस ठेवते. संस्कार करणारा मात्र यांपैकी कोणत्याच कोटीत नीट बसत नाही. तो तार छेडीत नाही. पण त्याच्या यंत्रातून गेल्यावाचून श्रोत्याला ऐकू येणारा नाद सिद्धही होत नाही.

या प्रश्नाला आजवर दोन सोपी उत्तरे देण्यात येतात. पहिले असे की, संस्कार हा वरचा मुलामा होय. वादकाचे वादन तेच खरे, बाकी सारी यंत्राची करामत. दुसरे याच्या नेमके उलट : अनोळखी नाद निर्माण झाला यातच संस्काराचे सार्थक झाले, त्यापुढे वादकाचा हात गौण. वस्तुतः दोन्ही उत्तरे एकच चूक करतात. ती संस्काराकडे घडून गेलेली वस्तू म्हणून पाहतात, घडत असलेली क्रिया म्हणून पाहत नाहीत. सिंथेसायझरच्या फिल्टरमधून गिटार नेली असता तो फिल्टर कोणाच्या आज्ञेने उघडतो आणि मिटतो, हा या ठिकाणी मूलभूत प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून अशा वादनाचे मूल्यमापन संभवत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम फिल्टर काय करतो ते पाहणे इष्ट आहे. कोणत्याही तारेच्या नादात मूळ स्वराबरोबर त्याचे स्वयंभू स्वरही असतात, आणि त्यांच्या कमीअधिक प्रमाणावर नादाची जाती अवलंबून असते. सिंथेसायझरमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा फिल्टर एका ठरावीक कंपनसंख्येच्या खालचे स्वर जाऊ देतो आणि वरचे दाबतो. रॉबर्ट मूग यांचा प्रसिद्ध फिल्टर दर सप्तकास २४ डेसिबेल या प्रमाणात वरचा भाग उतरवितो. म्हणजे त्या सीमेच्या एक सप्तक वर असलेला स्वयंभू स्वर सुमारे सोळाव्या हिश्शावर येतो. सीमारेषेजवळचे स्वर मुद्दाम उठविण्याचीही सोय असते. त्यामुळे सीमा सरकू लागली की एकेक स्वयंभू स्वर क्रमाने उजळत गेल्याचा भास होतो. ही सीमा विद्युद्दाबाने हलविता येते. तो विद्युद्दाब यंत्राच्या दुसऱ्या एखाद्या भागातून येवो अथवा माणसाच्या बोटाखालच्या दांड्यातून येवो, फिल्टरला त्याचे सोयरसुतक नसते.

म्हणजे फिल्टर स्वतः काही निर्माण करीत नाही. जे आहे त्यातून तो वगळतो. तानपुऱ्याच्या जवारीशी याची तुलना केल्यास भेद स्पष्ट होईल. घोडीचा अल्पसा वक्र पृष्ठभाग आणि तारेखाली सरकविलेला दोरा यांमुळे तानपुऱ्यात स्वयंभू स्वरांची समृद्धी येते. तार जेथे छेडली तेथे ज्यांचा निःस्पंद बिंदू पडतो आणि म्हणून जे उमटू नयेत, असे स्वयंभू स्वरही या वाद्यात उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. जवारी देते, फिल्टर काढून घेतो. साहजिकच ज्या नादात मुळात वैपुल्य नाही, त्यावर फिल्टरचे काम दिसून येत नाही. सिंथेसायझरमधील आंदोलक स्वयंभू स्वरांनी भरलेला नाद अखंड पुरवीत असतो. गिटारची तार तसे करीत नाही. छेडल्याक्षणी तिच्यात वरचे स्वर भरपूर असतात, पण ते झपाट्याने विरतात आणि मागे मवाळ असा मूळ स्वर रेंगाळतो. फिल्टर सावकाश उघडत नेला, तर तो पुरता उघडेपर्यंत दाखविण्याजोगे काही उरलेलेच नसते.

यावर उपाय म्हणून फिल्टरच्या आधी नाद विकृत करणारे मंडल, म्हणजे वादकांच्या परिभाषेतील ‘फझ’, योजिले जाते. त्यामुळे स्वयंभू स्वर विपुल होतात आणि नाद दीर्घकाळ टिकतो. परंतु या लाभाची किंमत मोजावी लागते. विकृतीमुळे जोराचा आणि हलका आघात यांतील अंतर जवळजवळ पुसले जाते. नाद जितका समृद्ध, तितकी त्यातून हाताच्या जोराची वार्ता कमी. गिटारवरील संस्काराची सारी समस्या या एका विरोधात सामावलेली आहे. त्यातच पट्ट्यांच्या वाद्यात पट्टी दाबली आणि सोडली याची सूचना यंत्राला आपोआप मिळते. गिटारकडून तशी सूचना येत नाही. फिल्टरला केव्हा हलावे हे सांगणारे कोणीतरी निराळे शोधावे लागते.

३

असे सांगणारे चार संभवतात : वादकाचा पाय, वादकाचा आघात, यंत्राचे स्वतःचे कालमान आणि दुसऱ्या माणसाचा हात. पायाचा प्रकार १९६७ च्या सुमारास बाजारात आलेल्या ‘वा-वा’ पेडलमुळे सर्वपरिचित झाला. त्यात वादक एकच राहतो, म्हणून कर्तृत्वाचा प्रश्न उद्भवत नाही. उरलेले तीन प्रकार अधिक विचारणीय आहेत.

‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाची ‘हूज नेक्स्ट’ ही १९७१ सालची ध्वनिमुद्रिका या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण तीत दोन प्रकार शेजारी शेजारी आढळतात. ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ या गीतात पीट टाऊनशेंड यांनी लॉरी ऑर्गनचा नाद ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस ३ या सिंथेसायझरमधून नेला. येथे वाद्य गिटार नव्हे, परंतु तुलनेसाठी उदाहरण उपयोगी पडते. हात पट्ट्यांवर स्थिर असतो आणि नादाची स्पंदने यंत्राच्या कालमानाने चालतात. ऑर्गनचा नाद अखंड असल्यामुळे हे शोभून दिसते. किंबहुना त्या गीतातील इतर वाद्यांना या स्पंदनांच्या लयीशी जुळवून घ्यावे लागते. हीच योजना गिटारवर केली असता तारेचा विरत जाणारा नाद आणि यंत्राची न थकणारी लय यांचे सहसा पटत नाही. आघात एका ठिकाणी पडतो, फिल्टर दुसऱ्याच ठिकाणी उघडतो, आणि परिणाम यदृच्छेवर राहतो.

त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘गोइंग मोबाइल’ या गीतात टाऊनशेंड यांनी आपली गिटार एआरपी २६०० या सिंथेसायझरच्या एन्व्हेलप फॉलोअरमधून नेली आहे. हे मंडल येणाऱ्या नादाच्या चढउताराचा मागोवा घेते आणि त्या प्रमाणात विद्युद्दाब पुरविते. म्हणून आघात जोराचा तर फिल्टर अधिक उघडतो, हलका तर कमी. प्रत्येक आघाताबरोबर नाद मुखासारखा उघडतो आणि मिटतो. हाताचा जोर, जो एरवी केवळ मोठेपणाच्या रूपाने ऐकू येतो, तो येथे नादाच्या जातीत परिणत होतो. हा संस्कार वादनाला झाकीत नाही. वादनातील एका अंगाचे तो दुसऱ्या अंगात भाषांतर करतो. मात्र त्याची मर्यादाही यातच आहे. नाद आघातापासून दूर जाऊ शकत नाही. जे हाताने केले, तेच फिल्टर पुन्हा सांगतो; हाताला न सुचलेले तो काही सांगत नाही.

चौथ्या प्रकाराचे श्रेष्ठ उदाहरण म्हणजे ‘हीरोज’ ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकगीत. ते बर्लिनच्या हान्सा ध्वनिमुद्रणगृहात १९७७ च्या उन्हाळ्यात घडले. टोनी व्हिस्काँटी हे सहनिर्माते होते. फ्रिप यांनी येथे मुख्यतः फीडबॅकवर भर दिला. ध्वनिक्षेपकासमोर कोणत्या अंतरावर उभे राहिले असता कोणता स्वर धरून राहतो हे शोधून त्या जागा जमिनीवर खुणांनी निश्चित करण्यात आल्या होत्या. गिटारचा विद्युत्संकेत ईनो यांच्या सिंथी एकेएस या यंत्रातून नेलेला होता. व्हीसीएस ३ चेच हे पेटीत बसविलेले रूप असून त्यात फिल्टर आणि हाताने फिरवावयाचा दांडा दोन्ही आहेत. फ्रिप यांनी तीन वेळा वाजविले आणि ती तिन्ही वादने अखेर एकत्र ठेवण्यात आली.

येथील गुणविशेष वर सांगितलेल्या विरोधातूनच उलगडतो. फीडबॅकने धरून ठेवलेल्या स्वरात आघात जवळजवळ उरत नाही. एन्व्हेलप फॉलोअरला मागोवा घेण्यासारखे काही मिळत नाही. स्वयंभू स्वर मात्र विपुल आणि अखंड असतात, म्हणजे गिटार येथे आंदोलकाच्या अगदी जवळ पोहोचलेली असते. नादाला समृद्धी आहे, पण त्यातील हालचाल सांगणारे कोणी नाही. ती रिकामी जागा संस्कार करणाऱ्याच्या हाताने भरून निघते. स्वर कोणता आणि किती काळ, हे फ्रिप ठरवितात. तो स्वर कोणत्या उजेडात दिसावा हे ईनो ठरवितात. बोवींच्या आवाजामागे जो एक दीर्घ, चढत जाणारा आणि तरी जागच्या जागी थरथरणारा नाद ऐकू येतो, त्याची उत्कटता दोन इच्छाशक्तींच्या या ताणातून आलेली आहे. एकाच माणसाच्या हाती दोन्ही गोष्टी असत्या तर नाद कदाचित अधिक नीटस झाला असता. परंतु स्वर धरून ठेवणारा आणि त्याला हलविणारा यांच्यात असणारे हे अंतर त्यात आले नसते.

४

यावर असा आक्षेप संभवतो की, तीन वादने एकावर एक रचल्यानंतर कोणता हेलकावा कोणाचा हे ध्वनिमुद्रिकेवरून ठरविता येत नाही. मग हा विवेक व्यर्थ नव्हे काय? आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करावयास हवी. प्रत्येक क्षणाचे श्रेय वाटून देणे समीक्षेच्या आवाक्यातील नाही, आणि तसा अट्टहास तिने करूही नये. परंतु श्रेयाची वाटणी वेगळी आणि नादाची घटना समजून घेणे वेगळे. नादातील हालचाल आघाताशी बांधलेली आहे, घड्याळाशी बांधलेली आहे, की दोहोंपासून मोकळी आहे, हे सावध कानाला निश्चित कळते. आणि मूल्यनिर्णयाला तेवढे पुरेसे आहे.

वाद्यनिर्मितीच्या इतिहासानेही एका परीने याची साक्ष दिली आहे. एआरपी कंपनीने १९७७ च्या सुमारास काढलेल्या ‘ॲव्हॅटर’ या यंत्रात गिटारच्या स्वरावरून सिंथेसायझरचे आंदोलक वाजविण्याची योजना होती. म्हणजे संस्कार न करता गिटारच्या जागी दुसराच नाद बसवावयाचा. त्याला बाजारात यश लाभले नाही, आणि १९८१ साली ती कंपनी बंद पडली. याउलट गिटारचा स्वतःचा नाद राखून त्याला फिल्टरमधून नेण्याची पद्धत टिकून राहिली. त्यात यंत्राला स्वर ओळखण्याची गरज पडत नाही. एकाच वेळी अनेक तारा छेडल्या तरी फिल्टर त्या सर्वांचा सारखाच स्वीकार करतो. हाताचे बारकावे पुसले जात नाहीत, निदान पुसले जाण्याचे कारण उरत नाही.

आयुर्वेदात द्रव्यावर केलेल्या संस्काराने गुणांतर घडते असे मानले आहे. परंतु द्रव्य सांभाळून घडते तेच गुणांतर, द्रव्य नाहीसे करून नव्हे. गिटारवरील संस्काराची कसोटीही याहून निराळी नाही. आघाताचे भाषांतर करणारा टाऊनशेंड यांचा मार्ग आणि आघात विरल्यावर दुसऱ्या हाताला वाव देणारा फ्रिप-ईनो यांचा मार्ग, दोन्ही या कसोटीला उतरतात. पहिला निष्ठेमुळे, दुसरा संवादामुळे. ज्यात फिल्टर कोणाचेच ऐकत नाही, असे वादन कितीही अपूर्व भासले तरी त्याचे नावीन्य दुसऱ्या श्रवणापर्यंत टिकत नाही. म्हणून ध्वनिमुद्रिकेवर ‘संस्कार’ अशी नोंद दिसली की तो शब्द समीक्षकाने तांत्रिक तपशील समजून ओलांडून जाऊ नये. वाजविणारा हात आणि घडविणारा हात यांचे परस्परसंबंध तपासण्याचे काम तेथून सुरू होते.