निर्धूर चूल : दावा आणि वस्तुस्थिती

शालेय विज्ञान प्रदर्शनांत निर्धूर चुलीची प्रतिकृती हमखास आढळते. दोन तोंडांची मातीची चूल, मागे उभा केलेला पाइप आणि शेजारच्या तक्त्यावर दोन विधाने : ‘धुरापासून मुक्ती’ व ‘इंधनाची बचत’. ही विधाने आपण विद्यार्थ्यांना तपासायला कधी सांगतो का? तपासायला हवीत, कारण त्यांच्याच आधारावर आपल्या देशात एक प्रचंड कार्यक्रम राबवला गेला आणि त्याचे फळ अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळाले.

हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांची ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ ही पुस्तिका 1953 मध्ये निघाली. पुढे 1983 मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 मध्ये केंद्राने तो थांबवला, तोपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. मोजल्या गेल्या त्या बसवलेल्या चुली. त्यांपैकी किती पेटत राहिल्या, याला हिशेबात तेवढे महत्त्व मिळाले नाही. या कार्यक्रमावरचा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप नावावर आहे. धुरांडे धूर नष्ट करत नाही, ते धुराची जागा बदलते. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ते पूर्ण जळण्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सियसच्या वर तापमान, पुरेशी हवा आणि थोडा अवधी लागतो. यांपैकी एक जरी कमी पडले तरी न जळलेला भाग धूर होऊन बाहेर येतो. मग पाइप असो वा नसो. पाइप असला तर तो छपरावरून जातो, आणि दाट वस्तीत शेजारच्या खिडकीतून आत शिरतो.

ओल्या सरपणाबाबतही आपण वर्गात अर्धेच सांगतो. ‘पाण्याची वाफ करण्यात उष्णता वाया जाते’ हे खरे, पण किती? 1 किलो लाकडात 300 ग्रॅम पाणी आहे असे धरू. उरलेल्या 700 ग्रॅम कोरड्या लाकडापासून सुमारे 12.6 मेगाज्यूल उष्णता मिळते. पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे 0.77 मेगाज्यूल लागतात, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. खरे नुकसान वेगळेच आहे. वाफेमुळे आगीचे तापमान उतरते, वायू जळत नाहीत आणि धूर वाढतो. म्हणून सरपण चिरून, पावसाआधी कोरड्या जागी रचून ठेवणे हा चूल बदलण्याइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

आता धुरांड्याकडे वळू. बाहेरची हवा 30 अंशांवर आणि पाइपातील वायू सरासरी 150 अंशांवर असेल, तर त्यांच्या घनतेत दर घनमीटरला सुमारे 0.33 किलोग्रॅमचा फरक पडतो. 3 मीटर उंचीच्या पाइपात त्यामुळे साधारण 10 पास्कल दाब मिळतो. हा दाब पाण्याच्या अवघ्या 1 मिलिमीटर स्तंभाइतका! एवढ्याशा बळावर धुरांडे चालते. 10 सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात सर्व बाजूंनी 1 सेंटिमीटर काजळी बसली की मार्ग 64 टक्के उरतो, आणि तेवढाच धूर वाहून न्यायला घर्षणावर अडीच ते तीन पट दाब खर्च होतो. मग धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो.

‘इंधनाची बचत’ही आपोआप होत नाही. ओढ फार झाली तर जास्तीची हवा आत खेचली जाते आणि भांड्याला मिळायची उष्णता पाइपातून निघून जाते. ती अडवण्यासाठीच मागे वैल असतो. वैलावर भांडे नसेल तर बचत कुठली? आपल्याकडचा तांब्याचा बंब या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात धूर जाणारी नळी पाण्यातूनच जाते, ती सरळ उभी असते आणि साफ करायला सोपी असते.

भाकरीचा प्रश्न तर आराखड्यात अनेकदा विसरला गेला. भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर शेकावी लागते. चुलीचे तोंड अरुंद केले की ती शेकायची कुठे? गृहिणीने ते तोंड फोडून मोठे केले, तर तो तिचा अडाणीपणा नव्हे.

एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हन्ना यांनी ओडिशात केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. धुरांड्याच्या चुली दिल्यावर पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला. पुढे डागडुजी व नियमित वापर होईना, तसा तो फरक नाहीसा झाला. आरोग्यात आणि इंधनाच्या खर्चात सुधारणा आढळली नाही. अभ्यास भक्कम आहे, पण त्याच्या शीर्षकातच ‘घरच्यांच्या वर्तना’चा उल्लेख आहे. त्यावरून ‘लोकांनाच चूल नको’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मातीची चूल लिंपणे व पाइप झाडणे हे काम घरच्यांवरच सोपवले होते.

याच्या जोडीला ग्वाटेमालातील अभ्यास वाचावा. त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. तेथे कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जाऊन चूल पाहत आणि गरज पडल्यास दुरुस्त करवून घेत. मुलांच्या श्वासात जाणारा कार्बन मोनॉक्साइड सरासरीने निम्मा झाला. तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला, मात्र एकूण न्यूमोनियातील घट निर्णायक ठरली नाही. अर्थ स्पष्ट आहे : देखभाल झाली तर धुरांड्याचा उपयोग होतो, आणि उत्तम देखभालीनंतरही धोका उरतो.

हा धोका लहान नाही. घरातील धुरामुळे 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅस अनेक घरांत पोचला, तरी सिलिंडरबरोबर चूलही पेटत राहिली. म्हणजे चुलीचा विचार अजून जुना झालेला नाही.

शिक्षकांनी प्रतिकृतीऐवजी पाहणी सुचवावी. गावात किती चुलींना धुरांडे आहे? पाइप शेवटचा कधी झाडला? तो छपराच्या कण्यावर जातो की वळचणीखाली संपतो? शाकारलेल्या छपरातून जाताना त्याभोवती गवतापासून अंतर ठेवले आहे का? पाइप झाडायला कोणाला वेळ आहे? सारखेच वजन केलेले ओले व सुके सरपण वापरून, मोकळ्या जागी शिक्षकांच्या देखरेखीखाली, पाणी उकळायला लागणारा वेळ मोजता येईल. ही उत्तरे तक्त्यावर मांडली तर ‘धुरापासून मुक्ती’ हे वाक्य तेथे कदाचित राहणार नाही. त्याऐवजी मुलांनी स्वतः मोजलेली काही आकडेवारी असेल, आणि परीक्षकांना थांबून वाचावे लागेल.