चौकटीबाहेरचा हात

आपल्या घरांतून ‘छान’ या शब्दाला फार राबवून घेतात. भाचीने रांगोळी काढली, छान. जावयाने चिवडा चाखला, छान. पुतण्याने सहलीची छायाचित्रे पुढे केली की तीही छानच. रांगोळीचे नि चिवड्याचे या शब्दाने भागते, छायाचित्राचे मात्र भागत नाही. ज्याने ते काढले त्याला त्यातले काय साधले, कोठे चुकले, पुढल्या वेळी कोठे उभे राहावे, यांपैकी एकही गोष्ट ‘छान’मधून कळत नाही. खरे म्हणजे हा शब्द उच्चारून आपण चित्र पाहावयाचे थांबवण्याची परवानगी मागत असतो, आणि ती आपल्याला लगेच मिळतेही.

याच्या उलट टोकाला छांदिष्टांची मंडळे आहेत. तेथे ‘छान’ म्हणणे जवळजवळ अशिष्ट समजतात. ही परंपरा वाटते त्याहून जुनी आहे. लंडनमध्ये १८५३ साली छायाचित्रकारांची सभा स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईतही तशीच सभा निघाली. छायाचित्रणाचा शोध जगजाहीर होऊन तेव्हा अवघी पंधरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या मुंबईच्या सभेचे सभासद होते. पुढे १९३७ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली, आणि १९५३ मध्ये देशभरच्या अशा संस्थांचा एक संघ झाला. इंग्लंडात तर पेटीत चित्रे घालून ती टपालाने सभासदांकडे फिरवण्याची चाल पडली. ज्याच्या घरी पेटी येई त्याने प्रत्येक चित्रावर आपला अभिप्राय लिहावयाचा, स्वतःचे नवे चित्र आत ठेवावयाचे आणि पेटी पुढे धाडावयाची. ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा माणसाचे खडे बोल वाचावयास टपालखर्च सोसणारी ही माणसे मला मोठी आदरणीय वाटतात.

आमचेही कर्जतला असेच एक लहानसे मंडळ आहे. त्याला नाव नाही, वर्गणी नाही. दहाबारा माणसे आहेत, कोणी बँकेत, कोणी शाळेत, एक दंतवैद्य, एक निवृत्त तारमास्तर. महिन्यातून एकदा एका सभासदाच्या ओसरीवर आम्ही जमतो आणि छापून आणलेली चित्रे भिंतीशी ओळीने टेकवून ठेवतो. नियम एकच आहे, पण तो कडक आहे. सर्वांचे बोलून होईपर्यंत चित्र काढणाऱ्याने तोंड उघडावयाचे नाही.

हा नियम बाहेरून निष्ठुर वाटतो, परंतु त्यात शहाणपण आहे. छांदिष्टाला आपल्या चित्रात जे दिसते, त्यातले निम्मे चित्रात नसतेच. पहाटे चारला उठलो होतो, पायात जळवा चढल्या होत्या, धुके फक्त दोनच मिनिटे फाटले, हे सगळे त्याच्या आठवणीत असते आणि भिंतीवरच्या कागदावर काही केल्या उमटत नाही. त्याला आधी बोलू दिले, तर तो चित्र दाखवावयाचे सोडून पहाट सांगू लागतो, आणि ऐकणारे त्या पहाटेला दाद देतात. गप्प बसून ऐकले म्हणजे कळते की आपली जळू दुसऱ्याला चावलेली नाही.

बोलणाऱ्यांचेही प्रकार असतात. पहिला हिशेबी. चौकटीचे तीन उभे नि तीन आडवे भाग पाडून तो क्षितिजाची रेघ कोणत्या भागात पडली ते मोजतो. दुसरा उदार. त्याला सर्वच आवडते आणि म्हणून त्याचे कोणाला काही वाटत नाही. तिसरा सर्वांत चिवट. त्याचे प्रत्येक वाक्य ‘मी असतो तर’ने सुरू होते. तो तुमच्या चित्राविषयी बोलतच नाही, त्याने न काढलेल्या एका चित्राविषयी बोलतो.

आणि क्वचित एखादा खरा जाणकार भेटतो. भोर घाटात, ठाकुरवाडीच्या केबिनजवळून मालगाडी चढत असतानाचे एक चित्र आमच्यापुढे आले होते. मागून रेटा देणारी इंजिने, धूसर दरी, सगळे नीट होते. एकाने ‘जिवंतपणा नाही’ असे म्हटले. हा अभिप्राय कोणत्याही चित्राला चालतो, आणि म्हणूनच कोणत्याच चित्राला उपयोगी पडत नाही. आमचे तारमास्तर मात्र म्हणाले, “माझा डोळा पहिल्यांदा त्या पांढऱ्या भिंतीवर गेला, इंजिनावर नाही. दोन पावले उजवीकडे सरकला असतात तर भिंत झाडामागे गेली असती.” एवढेच. त्यात स्तुती नव्हती, निंदाही नव्हती. आपला डोळा प्रथम कोठे गेला हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. माझ्या मते उत्तम टीकेची ही पहिली पायरी आहे, आणि तिला विद्वत्ता लागत नाही. घरातल्या आजीलाही ती चढता येईल.

परंतु ही पहिलीच पायरी आहे, शेवटची नव्हे, हे आम्हांला दुसऱ्या एका ठाकुरवाडीने शिकवले. कर्जत-खालापुरात या नावाच्या वाड्या एकापेक्षा अधिक आहेत. ठाकूर लोकांची वस्ती ती ठाकुरवाडी, असा सरळ हिशेब. आमच्यापैकी एकाने अशाच एका वाडीत एका म्हातारीचे चित्र काढले. दिवाळी होऊन पंधरवडा उलटला होता. उंबऱ्यात बसून ती सुपाने नाचणी पाखडत होती, आणि उडालेल्या भुश्यावर तिरपे ऊन पडले होते. चित्र सुंदर होते यात शंका नाही. मात्र डाव्या कडेला एका लहान मुलाचा हात तेवढा आला होता, मनगटापासून पुढचा, सुपाकडे गेलेला. मागच्या कुडावर निळी ताडपत्री होती.

मंडळाचे एकमत झाले. हात छाटा. निळा रंग डोळ्याला खुपतो, तेव्हा चित्र काळेपांढरे करा. पुढल्या बैठकीला तसे चित्र आले, ‘एकाकी’ असे नाव घेऊन. ओसरीवर क्षणभर कोणी बोलले नाही, आणि छांदिष्टांत याहून मोठे पारितोषिक नसते.

चित्र काढणारा गृहस्थ मनाने सरळ. त्याने एक प्रत मोठी करून वाडीत नेऊन दिली. आम्ही दोघेतिघे बरोबर होतो. म्हातारीने कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. शेजारपाजारच्या बाया जमल्या. भुश्यावरच्या उन्हाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. बायांनी सूप ओळखले, उंबरा ओळखला, लुगडे कोणते ते ओळखले. मग म्हातारीने विचारले, “पोर कुठं गेली? मी काय एकटी बसले व्हते?” एक बाई म्हणाली, “आन् ताडपत्री? औंदाच घेतली ना ती.” म्हातारी रागावली नव्हती. हिशेबात काही कमी भरले तर दुकानदाराला विचारावे तसे तिने विचारले. नात तिथेच उभी होती, आणि आपला हात शोधत होती.

आमच्या सबंध मंडळाने मिळून जे पाहिले नाही ते त्या बाईने एका प्रश्नात सांगितले. चित्र नेटके होते आणि खोटे होते. ती एकाकी नव्हती. एकाकीपण आम्ही ओसरीवर बसून, कात्रीने तयार केले होते.

छायाचित्राच्या दुनियेत ही कात्री नवी नाही. मुंबईच्या त्या पहिल्या सभेतलेच एक, विल्यम जॉन्सन, यांनी मुंबईतल्या जातीजमातींची छायाचित्रे दोन खंडांत १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपून, कापून, दुसऱ्याच देखाव्यावर बसवलेली आहेत. त्या माणसांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. त्याहून प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतली. १९३६ साली डोरोथिया लँग या बाईंनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचे चित्र टिपले. दोन मुले तिच्या खांद्यांना बिलगून तोंड फिरवून उभी, मांडीवर तान्हे मूल, आणि तिची ती दूरवर लागलेली नजर. कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँगबाईंना तो खटकला आणि पुढे त्यांनी तो मूळ निगेटिव्हवरूनच पुसवून घेतला. चित्र जगभर गेले. त्या आईचे नाव मात्र त्यांनी विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव १९७८ साली उजेडात आले, तेव्हा त्या बाईंनी सांगितले की हे चित्र काढले नसते तर बरे झाले असते, त्यातून आपल्याला एक पैही मिळाली नाही. अंगठ्यावरची टीका लवकर झाली. चित्रातल्या बाईची टीका यावयास बेचाळीस वर्षे लागली.

यावर कोणी विचारील की मग काय काटछाट करूच नये? चित्रात सगळेच कोंबावे? तसे माझे म्हणणे नाही. चौकट धरली म्हणजे काही आत येणार, काही बाहेर राहणार. कथालेखकही तेच करतो. पण पांढरी भिंत झाडामागे घेणे वेगळे आणि नातीचा हात कापून आजीला एकाकी ठरवणे वेगळे. पहिल्याने पाहणाऱ्याचा डोळा मार्गावर येतो. दुसऱ्याने चित्रातल्या माणसाविषयीचे विधानच बदलते. टीकाकाराने ‘हे काढून टाका’ म्हणण्यापूर्वी, काढल्यावर चित्र काय म्हणू लागेल, एवढे स्वतःला विचारावे. आणि शक्य असेल तेथे चित्रातल्या माणसालाही विचारावे. त्याचे मत शेवटचे मानावे असे नव्हे. सूप ओळखणाऱ्या बायांना उन्हाची करामत दिसली नाही, ती आम्हांला दिसली, आणि ती खोटी नव्हती. परंतु ज्या सभेत तो माणूस कधीच बोलत नाही, त्या सभेचा निकाल अर्धाच.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याला आमच्या मुलुखात एक कारण घडले आहे. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाची चित्रे प्रत्येक पावसाळ्यात शेकड्यांनी निघतात. धुक्यातला सुळका, खाली मोरबे धरणाचे पाणी. गडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडी ही ठाकूर लोकांची वाडी होती. सुळक्याच्या चित्राला ती नको असे. पत्र्यांची छपरे रांगेत बसत नाहीत, तारा आडव्या येतात, म्हणून कोणीही जाणता मित्र ‘खालचे कापा’ असेच सांगे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडीचा मोठा भाग गाडला गेला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी, २३ जुलैला, शोध थांबवण्यात आला. आता ज्या कोणाच्या जुन्या चित्रात खालच्या कोपऱ्यात ती छपरे कापावयाची राहून गेली असतील, त्या चित्रापाशी वाचलेला माणूस थांबेल तो सुळक्यासाठी नव्हे. आमच्या नियमांप्रमाणे तो कोपरा अडगळ होता. त्या माणसाला तो कोपरा म्हणजे घर.

आमच्या मंडळात त्यानंतर दोन गोष्टी नव्या झाल्या. सर्वांचे बोलून झाले की चित्र काढणाऱ्याला एक प्रश्न विचारतात, ‘चौकटीच्या बाहेर काय होते?’ आणि माणसाचे चित्र असेल तर एक प्रत आधी त्या माणसाच्या घरी जाते, तेथे काय बोलणे झाले ते बैठकीत सांगावे लागते. यामुळे आमची चित्रे अधिक देखणी झाली असे मी म्हणणार नाही. दोघातिघांची तर बक्षिसे कमी झाली, आणि हिशेबी सभासद अजून कुरकुरतात. पण बैठका पूर्वीपेक्षा लांबतात, आणि चहा दोनदा होतो.

या दिवाळीत तुमच्याही घरी मोबाईल हातोहात फिरेल. पुतण्या तुमच्यापुढे एखादे चित्र धरील. त्याला तीन गोष्टी सांगा. आपला डोळा पहिल्यांदा कोठे गेला ते. कोणती गोष्ट हवीशी वाटली आणि दिसली नाही ती. आणि चित्रात कोणी माणूस असेल तर विचारा, त्याने हे पाहिले का, आणि तो काय म्हणाला. एवढे झाल्यावर ते खरोखरच आवडले असेल तर ‘छान’ म्हणावयास माझी हरकत नाही. तोवर त्या पोरालाही कळलेले असेल की तुम्ही ते पाहिले आहे.

‘एकाकी’ हे नाव त्या चित्रावरून काढले. रंगीत, हातासकट, ताडपत्रीसकट अशी दुसरी प्रत म्हातारीच्या घरी कुडाला लावलेली आहे. आमच्यातल्या हिशेबी सभासदाला ती अजूनही डावीकडे जड वाटते, आणि ती तशी आहेच.