पालक कंपनीचे दायित्व : भोपाळ ते चिंगोला

प्रस्तावना :
कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. त्यामुळे परदेशातील उपकंपनीने केलेल्या हानीची जबाबदारी, केवळ भागधारक म्हणून, पालक कंपनीवर येत नाही. नफा मात्र तिच्याकडे जातो. या विसंगतीचे परीक्षण दोन खटल्यांच्या आधारे करता येते.

भोपाळ :
२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायुगळती झाली, तेव्हा युनियन कार्बाइड इंडियाचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील पालक कंपनीकडे होते. भारत सरकारने अमेरिकेत दाखल केलेला दावा भारतातच चालावा, असा निर्णय न्यायाधीश जॉन कीनन यांनी १९८६ मध्ये दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओलियम वायुगळती प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. १९८८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने पालक कंपनीस २५० कोटी रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. परंतु १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि पालक कंपनीच्या दायित्वाचा अंतिम निवाडा राहून गेला. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका २०२३ मध्ये फेटाळण्यात आली.

चिंगोला :
झांबियातील चिंगोला येथील ग्रामस्थांनी तांब्याच्या खाणीतील प्रदूषणाबद्दल वेदांता रिसोर्सेस या पालक कंपनीविरुद्ध लंडनमध्ये दावा केला. उपकंपनीच्या कारभारात पालक कंपनीने प्रत्यक्षात किती हस्तक्षेप केला, किती देखरेख ठेवली, यावर तिचे दक्षतेचे कर्तव्य ठरते, असे सांगून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो दावा तेथे चालविण्यास मुभा दिली. मात्र २०२१ मध्ये हाही दावा, दायित्व मान्य न करता, तडजोडीने मिटला.

मूल्यमापन :
मालकीऐवजी नियंत्रणाकडे पाहणारी ही कसोटी निश्चितच पुढचे पाऊल आहे. परंतु तीत एक उणीव आहे. देखरेख ठेवणारी कंपनी जबाबदार आणि जाणीवपूर्वक अलिप्त राहणारी कंपनी मोकळी, असा विपरीत परिणाम त्यातून संभवतो. शिवाय नियंत्रण सिद्ध करणारी कागदपत्रे बहुधा कंपनीच्याच ताब्यात असतात.

निष्कर्ष :
फ्रान्सने २०१७ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर उपकंपन्यांतील धोके ओळखण्याचे व टाळण्याचे कर्तव्यच लादले. देखरेख ही ऐच्छिक बाब न राहता कायदेशीर बंधन व्हावी, हाच या उणिवेवरील उपाय आहे. तडजोडीने पीडितांच्या हाती रक्कम पडते; पुढील दुर्घटनेसाठी नियम मात्र उरत नाही.