सैनिक नव्हे, भोंगा

सातारा-सांगलीकडच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक तक्ता आम्हाला हमखास भेटतो. फुप्फुसाचा किल्ला, तटावर चढणारे विषाणू आणि भाले घेतलेल्या पांढऱ्या पेशी. सातारकरांना किल्ला सुचावा हे साहजिकच. पण खाली ‘इंटरफेरॉन : विषाणू मारणारा सैनिक’ असे लिहिलेले असते, आणि तिथे आमची तक्रार सुरू होते.

आयझॅक्स व लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडनमध्ये शोधलेले हे प्रथिन विषाणूला हातही लावत नाही. बाधित पेशीतून बाहेर पडून ते शेजारच्या पेशींना सावध करते. पुढचे काम त्या पेशींचे. कोयनेतून पाणी सोडताना वाजणारा भोंगा पाणी अडवत नाही, तसेच.

सैनिकाच्या चित्रात उंदरांची गोष्ट बसत नाही. ए-टू-जी वाणाचे उंदीर इन्फ्लुएन्झाला दाद देत नाहीत, हे लिंडेनमान यांनी १९६२ साली दाखवले. पुढे कळले की त्यांच्यात एमएक्स-१ हे जनुक शाबूत असते. प्रयोगशाळेतील बहुतेक उंदरांत ते बिघडलेले असते. या उंदरांतही इंटरफेरॉन तयार होते. म्हणजे भोंगा ऐकू येतो, पण दारात होडी नाही! उलट ए-टू-जी उंदरांतील इंटरफेरॉन प्रतिपिंडांनी निकामी केले, तेव्हा तेही आजारी पडले. होडी होती, भोंगा नव्हता. तेव्हा ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी’ अशी बातमी आली की ‘कोणते उंदीर?’ हे वर्गात विचारलेच पाहिजे.

वेळेचेही तसेच. इंटरफेरॉनचा संदेश लांबला तर फुप्फुसाच्या अस्तराची डागडुजी अडते, असे २०२० साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या उंदरांवरील अभ्यासांत दिसले. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीच्या मुलांना हे चटकन उमगेल. पाणी ओसरल्यावरही भोंगा वाजतच राहिला, तर गाळ काढायला घरी परतणार कोण?

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, त्यानंतर काढ्यांच्या पुड्यांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ झळकू लागले. सैनिक जास्त तितके बरे, हा त्याच तक्त्यातला हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत (भारतातील समन्वय पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होता) रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन-बीटा दिले गेले. मृत्यू कमी झाले नाहीत.

आमच्या भोंग्यातही खोट आहे, ती मुलांनाच शोधू द्यावी. कोयनेचा भोंगा धरणावरची माणसे वाजवतात. इथे तो बुडणारे घरच वाजवते.