शब्द आणि सोने : ‘ट्रेझर आयलंड’मधील नैतिक पेच

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८१-८२ मध्ये ‘यंग फोक्स’ या मुलांच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. सावत्र मुलाच्या सहवासात रंगवलेल्या एका काल्पनिक बेटाच्या नकाशातून तिचे कथानक उगवले. बोधाचे ओझे टाकून दिलेली निखळ रंजनकथा, असा तिचा लौकिक आहे. तो अपुरा आहे.

सफरचंदांच्या पिंपात दडलेला जिम हॉकिन्स जहाजावरील आचारी लाँग जॉन सिल्व्हर याचा बंडाचा कट ऐकतो, तेव्हा त्याचे बालपण संपते. ज्याच्या गोड बोलण्यावर तो लुब्ध झाला होता, तोच माणूस पुढे एका इमानी खलाशाला त्याच्या डोळ्यांदेखत ठार करतो. बालसाहित्याच्या रूढ संकेतानुसार येथे सिल्व्हरविषयीचा निर्णय कायमचा लागावयास हवा. स्टीव्हन्सन तो लागू देत नाहीत. हाच सिल्व्हर बंडखोरांच्या तावडीतून जिमचा जीव वाचवतो. खजिना जवळ येताच त्याच्याकडे खुनशी नजरेने पाहतो. आणि खड्डा रिकामा आढळताच त्याच्याच हाती पिस्तूल देतो.

कादंबरीचा नैतिक केंद्रबिंदू मात्र वेगळ्या प्रसंगात आहे. डॉक्टर लिव्हझी पळून जाण्याची संधी देतात. जिम ती नाकारतो, कारण त्याने सिल्व्हरला शब्द दिलेला असतो. शब्दाचे मोल तो कोणाला दिला यावर ठरत नाही, हे मूल्य येथे उपदेशातून येत नाही, कृतीतून सिद्ध होते.

कादंबरीला मर्यादाही आहेत. या सोन्यासाठी किती रक्त सांडले असेल, हा विचार जिमच्या मनात येऊन जातो. तरी ते मूळचे कोणाचे, हे कोणी विचारीत नाही आणि वाटणी निर्वेधपणे पार पडते. जिमची आई सोडल्यास स्त्रीला या कथाविश्वात जवळजवळ स्थान नाही.

तथापि शेवट विलक्षण प्रामाणिक आहे. सिल्व्हर नाण्यांची एक थैली घेऊन निसटतो. त्याला शिक्षा होत नाही. जिमला मात्र ते बेट दुःस्वप्नात छळत राहते. न्यायनिवाड्याचे काम लेखकाने बालवाचकावर सोपवले आहे. मुलांच्या विवेकबुद्धीवरील हा विश्वास हेच या कृतीच्या दीर्घायुष्याचे रहस्य होय.