बालगंधर्वांना कोणी बुडवलं? एका आरोपाची तपासणी

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात गेले. वय होतं ७९. एवढ्या वयात माणूस आजारानं गेला तर सहसा कोणी संशय घेत नाही. पण बालगंधर्वांच्या शेवटाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'त्या बाईनं लुबाडलं हो त्यांना.' ती बाई म्हणजे गोहरबाई कर्नाटकी. कोणी म्हणतं करणी केली, कोणी म्हणतं पैसा ओढला, कोणी म्हणतं जवळची माणसं तोडली. तात्पर्य एकच, की सोन्यासारखा कलावंत एका बाईपायी हलाखीत गेला.

नाटक, संगीत किंवा चरित्र या अंगानं पीएच.डी. करू पाहणाऱ्यांना ही गोष्ट कधी ना कधी भेटतेच. अनेक जण ती 'सर्वज्ञात' म्हणून प्रबंधात एका वाक्यात टाकून पुढं जातात. संदर्भ विचारला तर एका पुस्तकाचं नाव येतं, त्या पुस्तकाला आधार दुसऱ्या पुस्तकाचा असतो आणि त्या दुसऱ्याला 'असे म्हणतात'चा. म्हणून ही गोष्ट आपण एखादं गृहीतक तपासावं तशी तपासू.

आरोप एक नाही, चार आहेत

'लुबाडलं' या एका शब्दात चार वेगळे आरोप कोंबलेले आहेत. पहिला पैशाचा: गोहरबाईंमुळे ते कर्जबाजारी झाले. दुसरा कलेचा: गोहरबाई कंपनीत आल्या आणि गंधर्वांचं नाटक उतरलं. तिसरा घराचा: पत्नी लक्ष्मीबाई आणि राजहंस कुटुंब यांच्यावर अन्याय झाला. चौथा शेवटच्या दिवसांचा: त्यांना एकटं पाडलं गेलं.

प्रत्येक आरोपाला पुरावा वेगळा लागतो. पैशाच्या आरोपासाठी हिशेबाच्या वह्या, कर्जाचे कागद, करार. कलेच्या आरोपासाठी त्या काळातली नाट्यपरीक्षणं, जाहिराती, ध्वनिमुद्रिका. घराच्या आरोपासाठी पत्रं आणि कुटुंबीयांच्या आठवणी. शेवटच्या दिवसांसाठी त्या वर्षांत त्यांना प्रत्यक्ष भेटलेल्यांचे जबाब. आपण करतो काय, तर तिसऱ्या आरोपातलं दुःख खरं वाटतं म्हणून पहिलाही आरोप खरा मानून टाकतो. गाइडनं सिनॉप्सिसवर 'विधान फार व्यापक आहे' असा शेरा मारला की आपल्याला राग येतो, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो.

तारखा ओळीनं मांडा

आता पैशाचा आरोप घेऊ. एक कोरा कागद घ्या आणि साल खाली साल लिहा.

१९१३: गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळीची स्थापना. १९२१: भागीदार बाजूला झालेले, कंपनी एकट्या नारायणरावांच्या हाती, आणि त्याच वेळी डोक्यावर मोठं कर्ज. पुढं सातेक वर्षांत ते कर्ज खेळांच्या उत्पन्नातून फिटलं. नंतर खर्च पुन्हा वाढले, कर्ज पुन्हा चढलं. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा', म्हणजे मराठीत बोलपट आला. १९३४ च्या सुमारास मंडळीचा कारभार थांबला. १९३५ मध्ये नारायणराव प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत दिसले. करार अनेक चित्रपटांचा होता, पण एका चित्रपटानंतर ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. गोहरबाईंची गाठ पडली १९३७ च्या आसपास आणि १९३८ मध्ये त्या कंपनीत आल्या.

आता हा कागद बघा. कर्ज पहिल्यांदा चढलं तेव्हा गोहरबाई चित्रातच नव्हत्या. दुसऱ्यांदा चढलं आणि कंपनी थांबली, तेव्हाही नव्हत्या. कारण परिणामाच्या आधी यायला हवं, ही संशोधनातली अगदी पहिली अट. पैशाचा आरोप निदान त्याच्या प्रचलित रूपात या अटीवरच पडतो. १९३८ नंतर आर्थिक ओढाताण वाढली का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायला हरकत नाही. पण 'कंपनी तिनं बुडवली' हे विधान तारखांसमोर टिकत नाही.

मग कंपनी कशानं बुडाली? खर्चाची बाजू उघड आहे. अस्सल भरजरी शालू, दागिने, अत्तरं, भारी गालिचे, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. प्रेक्षकांनी याच थाटावर जीव टाकला. ज्या उधळपट्टीनं कर्ज झालं ती उधळपट्टी म्हणजेच आपण ज्याला 'गंधर्वयुगाचं वैभव' म्हणतो ते. वैभवाचं श्रेय नारायणरावांना आणि त्याच्या बिलाचा दोष नंतर आलेल्या बाईला, ही वाटणी कुठल्या हिशेबात बसते?

शेजारच्या कंपन्यांकडे बघा

एकाच उदाहरणावरून कारण ठरवायचं नसतं. तीच परिस्थिती असलेली, पण संशयित कारण नसलेली उदाहरणं शोधायची असतात. इथे ती सहज सापडतात.

१९१८ मध्ये मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. बोलपटांच्या लाटेत तिनंही चित्रपटाकडे धाव घेतली, १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' केला, आणि ती कंपनीही बुडाली. दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले, वय अवघं ४१. ललितकलादर्शचे बापूराव पेंढारकर चित्रपटाच्या वाटेनं गेले आणि १९३७ मध्ये वारले. संस्था पुन्हा उभी राहायला भालचंद्र पेंढारकरांची वाट बघावी लागली.

या दोन्ही कंपन्यांत गोहरबाई नव्हत्या. तरी शेवट तसाच. म्हणजे कारण एका व्यक्तीत नसून फिरत्या नाटक कंपनीच्या अर्थकारणात शोधायला हवं. शंभर-सव्वाशे माणसांचा बिऱ्हाडपसारा गावोगाव हलवायचा, रात्रीच्या तिकीटविक्रीवर सगळ्यांची पोटं भरायची, आणि समोर उभा राहतो बोलपट, जो एका डब्यातून येतो आणि स्वस्तात दिसतो. या स्पर्धेत कोण टिकणार?

कोण बोलतं आणि कोण गप्प आहे

साधनं गोळा करताना एक साधा तक्ता करा: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, त्यांचं यात काय होतं. गणपतराव बोडसांचं 'माझी भूमिका' आणि गोविंदराव टेंब्यांचं 'माझा जीवनविहार' ही मोलाची पुस्तकं आहेत. पण दोघंही कंपनीतून बाहेर पडलेले भागीदार. प्रभातची बाजू व्ही. शांतारामांच्या 'शांतारामा'त. म्हणून ही माणसं खोटं लिहितात असं नाही. प्रत्येक जण आपल्या खुर्चीवरून दिसलं ते लिहितो, एवढंच. पुढच्या चरित्रकारांनी आणि कादंबऱ्यांनी यावरच इमारत चढवली.

या तक्त्यात गोहरबाईंच्या नावापुढचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. त्यांचं आत्मचरित्र आपल्या हाती नाही. त्या कन्नड मुलखातल्या, मुसलमान, गाणं-बजावणं हाच व्यवसाय असलेल्या घरातल्या. धाकटी बहीण अमीरबाई कर्नाटकी 'किस्मत'च्या गाण्यांनी देशभर गाजली. रहमत तरीकेरे यांनी अमीरबाईंवर कन्नडमध्ये पुस्तक लिहिलं आहे. मराठी नाटकावर काम करणाऱ्यानं कन्नड पुस्तक कशाला बघायचं, असं वाटेल. पण तिकडून बघितलं की प्रश्नच बदलतात. स्वतःची ध्वनिमुद्रणं असलेली, गाणारी, घरात कमावती बहीण असलेली बाई कर्जात रुतलेल्या, पन्नाशीला आलेल्या नटाकडे आली, तर कोणी कोणाला आधार दिला? उत्तर आधीच ठरवू नका. पण हा प्रश्न मराठीत फारसा विचारलाच गेला नाही, ही नोंद तरी करा.

दुसऱ्या आरोपाचंही तसंच. रंगभूमीवर स्त्री आली म्हणून नाटक उतरलं, असं म्हणावं तर १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक होत्या आणि त्या प्रयोगाला आपण आधुनिक मराठी नाटकाचा टप्पा म्हणतो. हिराबाई बडोदेकर त्याआधीच रंगमंचावर आल्या होत्या. म्हणजे अडचण स्त्रीची नव्हती. जी जागा खुद्द बालगंधर्वांनी आपल्या मनात अढळ केली होती, तिथे एक विशिष्ट बाई उभी राहिली, ही अडचण होती. प्रेक्षकांचा विरस खरा होता. पण त्याला विश्वासघात म्हणायचं का?

अफवेचं करायचं काय?

आमच्या कळंबला चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली गेलं की कुंड लागतं. दर बारा वर्षांनी कुंडाचं पाणी चढतं आणि गणपतीच्या पायांना लागतं, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. यावर दोन प्रकारचं संशोधन होऊ शकतं. एक, पाणी कोणत्या साली किती चढलं, त्या सालांचा पाऊस किती, खालचा खडक कसा. दोन, ही गोष्ट कोण सांगतं, केव्हा सांगतं, त्यातून गावाला काय मिळतं. पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर चालत नाही. 'आजीनं सांगितलं' हा पाण्याच्या पातळीचा पुरावा नव्हे. पण गावाच्या श्रद्धेचा तो पक्का पुरावा आहे.

गोहरबाईंबद्दलच्या कुजबुजीला हाच नियम लावा. 'करणी केली' हे वाक्य गोहरबाईंबद्दल काहीच सिद्ध करत नाही. ते बोलणाऱ्या समाजाबद्दल मात्र पुष्कळ सांगतं: आपला लाडका माणूस स्वतःच्या मर्जीनं असा वागू शकतो हे त्या समाजाला मानवत नव्हतं. म्हणून त्याची इच्छाच काढून घ्यायची आणि ती एका परक्या बाईच्या हाती द्यायची. अफवा फेकून देऊ नका. फक्त ती योग्य प्रकरणात ठेवा: घटनेच्या नव्हे, प्रतिसादाच्या.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका

हे वाचून कोणी गोहरबाईंची आरती ओवाळायला निघेल, तर तीही तशीच चूक. तिसरा आरोप तसाच उभा आहे. लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर फार सोसलं. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मूल गेलेलं असताना नवरा रंगमंचावर उभा राहिला, ही गोष्ट आपण त्याच्या कलानिष्ठेची म्हणून सांगतो. त्या दिवशी घरात असलेल्या आईच्या बाजूनं ती किती जणांनी सांगितली? पुढं गोहरबाईंचा संबंध आला, भाऊ बापूराव दुरावले, १९४० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. इथे दुखावलेली माणसं खरी आहेत. पण या आरोपात उत्तर द्यायचं ते सर्वांत आधी नारायणरावांनी. पन्नाशीचा, जग बघितलेला, कंपनीचा मालक असलेला माणूस. त्याला अजाण बालक ठरवून आपण लक्ष्मीबाईंनाही न्याय देत नाही.

चौथ्या आरोपाबाबतही सावध राहा. शेवटच्या काळात हालअपेष्टा होत्या, शरीर थकलं होतं. त्याच काळात १९५५ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ चं पद्मभूषणही आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली आणि उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या मृत्यूनंतर. म्हातारपणी कलावंताला सन्मान मिळतो, पण महिन्याच्या औषधपाण्याची शाश्वती मिळत नाही. शोषण हा शब्द वापरायचाच असेल तर हाही धागा धरा: त्यांच्या गाण्याच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या, तर त्यातला किती पैसा गायकापर्यंत पोचत होता? ध्वनिमुद्रण कंपन्यांचे करार शोधणं हे कष्टाचं काम आहे. एका बाईला नाव ठेवायला कष्ट लागत नाहीत.

कोणाला यावर काम करायचं असेल तर 'बालगंधर्व : जीवन आणि कार्य' असा विषय कृपया घेऊ नका. '१९३०-४० च्या दशकांतल्या संगीत नाटक कंपन्यांची कर्जं' घ्या, किंवा 'मराठी चरित्रलेखनातली गोहरबाई'. पहिल्यासाठी जुन्या वृत्तपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती आणि कोर्टातले दिवाळखोरीचे कागद लागतील. दुसऱ्यासाठी कन्नड वाचता येणारा एखादा मित्र. आणि सिनॉप्सिसमध्ये 'सर्वश्रुत आहे की' हे शब्द आले, तर तिथेच थांबून स्वतःला विचारा: कोणाला श्रुत, आणि कोणाच्या तोंडून?