‘कोको’मधला झेंडू आणि हरवलेला वास

पिक्सारचा ‘कोको’ (2017) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल आणि शेवटी डोळेही पुसले असतील. मलाही रडू आलं होतं. तरी या सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहे. मी वनस्पतींच्या वासातल्या रसायनांवर काम करते, ती तक्रार तिथूनच आली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला ‘दिया दे मुएर्तोस’, म्हणजे मृतांचे दिवस पाळतात. घरात ‘ओफ्रेंदा’ मांडतात: मेणबत्त्या, पाणी, मीठ, पाव, गेलेल्या माणसाच्या आवडीचं खाणं, कोपाल नावाच्या राळेचा धूर आणि सेंपासूचिलची फुलं. सेंपासूचिल म्हणजे आपला झेंडू. दसऱ्याला आपण ज्याची तोरणं बांधतो, ते झाड मूळचं मेक्सिकोकडचंच. तिथे त्याच्या पाकळ्यांची वाट दारापासून ओफ्रेंदापर्यंत घालतात. रंग आणि वास यांच्या आधारानं मृतांना घर सापडतं, अशी समजूत आहे.

आता सिनेमा काय करतो बघा. मृतांच्या जगातून यायचं तर चक्क तपासणी नाका आहे. यंत्र चेहरा बघतं आणि घरच्या ओफ्रेंदावर तुमचा फोटो आहे का, ते तपासतं. एक्टरचा फोटो नाही, म्हणून पाकळ्यांच्या पुलावर त्याचे पाय रुततात. पूल झेंडूचाच आहे आणि दिसतो अप्रतिम, पण कथेत वासाला काहीच काम नाही.

पटकथेच्या दृष्टीनं हे समजतं. फोटो फाटतो, लपवता येतो, त्यातून रहस्य तयार होतं. वासाचं तसं करता येत नाही. पण फोटोग्राफी जगासमोर आली 1839 मध्ये, आणि मृतांसाठी नैवेद्य मांडणं त्याहून कितीतरी जुनं. झेंडूच्या उग्र वासात लिमोनिन, टर्पिनोलिन, ओसिमिन असे टर्पिन गटातले पदार्थ असतात. मेंदूत दृष्टीचे संदेश आधी थॅलॅमसमधून जातात. वासाचे संदेश मात्र तो टप्पा न घेता थेट भावना आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांकडे पोचतात. आठवण जागी करायला ओफ्रेंदा नाकाचीही मदत घेते, ते उगीच नाही.

‘अलेब्रिखे’ या रंगीत प्राण्यांना सिनेमानं मृतांचे वाटाडे केलंय. खरं तर ती पेद्रो लिनारेस या कारागिराची विसाव्या शतकातली निर्मिती, या सणाशी तिचा मूळ संबंध नाही. त्याला माझी हरकत नाही. कल्पनेला तेवढी मोकळीक हवीच.

हरकत आहे ती फोटोच्या नियमाला, कारण त्यानं परंपरेचा स्वभावच बदलतो. सिनेमात चिचार्रोन नावाचा म्हातारा आहे. जिवंतांपैकी कुणालाच तो आठवत नाही, म्हणून तो कायमचा विरून जातो. प्रत्यक्षात मेक्सिकोत अनेक ठिकाणी, ज्यांचं मागे कुणी उरलं नाही अशा आत्म्यांसाठीही एखादी मेणबत्ती, पाणी किंवा पाव ठेवतात. त्यांचं नाव माहीत नसतं, फोटो तर नसतोच. ज्यांना सगळे विसरले त्यांचीही सोय ही परंपरा करते, आणि सिनेमा नेमकं त्यांनाच पुसून टाकतो. ज्या घरात कधी कुणाचा फोटो काढला गेला नाही, त्या घरातल्या माणसांनी मग काय करायचं?

गंमत म्हणजे सिनेमालाही हे आतून कळलेलं असावं. म्हाताऱ्या कोकोला वडील आठवतात ते गाणं ऐकून, जपून ठेवलेला फोटोचा तुकडा ती त्यानंतर काढते. तरी पुढच्या वर्षी नाक्यावर एक्टरला फोटोच लागतो.

‘कोको’ जरूर पुन्हा पाहा, तो चांगला सिनेमा आहेच. फक्त बघताना झेंडूचं एक पान चुरगळून हाताशी ठेवा. पडद्यावर काय राहून गेलंय, ते लगेच लक्षात येईल.